रिपोर्ट काय म्हणतो आणि आपण काय सांगतो

शेतातली माती तपासायला कशी न्यावी हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नागमोडी चालत शेतात दहा-बारा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर खोलीपर्यंतची माती काढायची, सारी एकत्र मिसळायची, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि शेवटी उरलेली अर्धा किलो माती पिशवीत भरायची. तरीसुद्धा दरवर्षी कोणी ना कोणी बांधालगतची, नाहीतर उकिरड्याच्या शेजारची दोन मुठी माती उचलतो आणि रयत संपर्क केंद्रात नेऊन देतो. रिपोर्ट येतो. सेंद्रिय कर्ब भरपूर, स्फुरद भरपूर. आता हा रिपोर्ट खोटा म्हणता येत नाही, कारण उकिरड्याशेजारची माती खरोखरच तशी असते. चूक पुढे होते. शेतकरी तो कागद साऱ्या शेताचा म्हणून वाचतो, आणि पारावर बसून चार जणांना तसाच सांगतो.

रक्ताच्या, लघवीच्या आणि बेडक्याच्या तपासणीचे याहून वेगळे नाही. आजचा पाठ मुख्यतः दवाखान्यात, उपकेंद्रात किंवा वसतिगृहात आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे: सिस्टर, कंपाउंडर, लॅबमधली मुलेमुली, आशाताई. एकाने तपासायचे, दुसऱ्याने ते तिसऱ्याला सांगायचे आणि तिसऱ्याने औषध द्यायचे, अशी आपली कामाची वाटणी असते. या सांगण्यात काय हरवते ते पाहायचे आहे. घरच्या माणसांनीही वाचायला हरकत नाही. हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी त्यांच्याच मोबाईलवर येतो.

मी खानापूर तालुक्यात लॅबमध्ये तीसेक वर्षे काढली. काम हाताला बसलेले होते, काचपट्टी पाहण्यात मी कमी नव्हते. पण रिपोर्ट सांगायला मी फार उशिरा शिकले, आणि त्याची किंमत मला मोजावी लागली नाही, दुसऱ्याला लागली. ती गोष्ट आधी सांगते.

२०११ सालची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. एका गावातल्या छोट्या दवाखान्यातून रक्ताची बाटली आली. बाटलीवर नाव, वय ४८, आणि चिठ्ठीवर तीन शब्द: ताप, व्हिडाल करा. मी काचपट्टीवर व्हिडाल केली. ओ आणि एच दोन्ही १:१६०. दवाखान्यात फोन केला. तिथल्या सिस्टरनी विचारले, "काय निघालं बाई?" मी म्हटले, "टायफॉइड पॉझिटिव्ह आहे." सिस्टरनी वहीत लिहिले, "टायफॉइड +". आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांनी वही वाचून औषध लिहिले. तिघांनीही आपापले काम केले होते.

औषधाने ताप थोडा उतरला, आणि दहा-बारा दिवसांनी परत चढला. पुन्हा रक्त आले. पुन्हा १:१६०. मी फोनवर म्हटले, "अजून आहे." पुन्हा औषध. त्या माणसाला गावात सगळे "टायफॉइडवाला" म्हणू लागले होते. घरच्यांनी त्याला पेज आणि मोसंबी चालू ठेवली, कामावर जाऊ दिले नाही. रोजंदारीचे घर, त्यात दोन वेळा औषधाचा खर्च; बायकोने एक शेळी विकली.

तिसऱ्या वेळी बेळगावच्या एका वयस्कर डॉक्टरांनी मला फोन केला. त्यांच्याकडे हा रोगी पाठवला होता. मी आकडे सांगू लागले तशी ते म्हणाले, "आकडे माझ्यासमोर आहेत. मला माणूस सांगा. पहिलं रक्त घेतलं तेव्हा ताप कितव्या दिवसाचा होता? खोकला आहे? वजन उतरलंय?" मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी सिस्टरना विचारले; त्यांनाही नीट ठाऊक नव्हते. सिस्टरनी बायकोला विचारले. बायको म्हणाली, "खोकला तर गणपतीच्या आधीपासनं हाय की. कुणी इचारलंच न्हाई."

बेडका मागवला. पहिला नमुना आला तो नुसती लाळ होती, पातळ आणि फेसाळ. त्यात जंतू दिसले नाहीत. या वेळी मात्र मी फोनवर म्हटले, "निगेटिव्ह आहे, पण नमुना लाळेचा आहे, यावर विसंबू नका." दुसऱ्या दिवशी पहाटे, काही न खाता, खोल श्वास घेऊन खोकून काढलेला बेडका आला. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी काड्या. दोन प्लस.

क्षयाचे औषध सुरू झाले आणि तो माणूस सहा महिन्यांनी बरा झाला. पण मधले सहा आठवडे त्याची चार वर्षांची मुलगी त्याच्याच अंथरुणावर झोपत होती. तिला तपासले, आणि आजार दिसला नाही तरी सहा महिने आयसोनियाझिडच्या गोळ्या द्याव्या लागल्या. ती मुलगी त्या गोळ्या कुस्करून गुळाबरोबर घ्यायची. पुढे ती शाळेत जाऊ लागली, ठीक आहे. पण ते सहा आठवडे माझ्या "टायफॉइड पॉझिटिव्ह" या दोन शब्दांनी गेले, हे मी कोणापासून लपवलेले नाही.

आता यात नेमके काय बिघडले? माझी व्हिडाल चुकली नव्हती. आज ती काचपट्टी पुन्हा केली तरी तेच दिसेल. बिघडले ते सांगताना.

व्हिडाल ही चाचणी फ्रान्समधल्या फेर्नां व्हिडाल यांच्या नावाची, १८९६ सालची. टायफॉइडच्या जंतूंशी लढायला शरीराने रक्तात जी द्रव्ये तयार केली असतात, ती जंतूंच्या गुठळ्या करतात. रक्तद्रव किती पातळ केले तरी गुठळी दिसते, त्यावर आकडा ठरतो. १:१६० म्हणजे एकशेसाठ पट पातळ केल्यावरही गुठळी दिसली. चाचणी रोगाचा जंतू पाहत नाही, शरीराने ठेवलेली आठवण पाहते. आपल्या भागात टायफॉइड जुना आहे, विहिरी-ओढ्यांचे पाणी पिणारी माणसे आहेत, काहींनी लस घेतलेली असते. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही हा आकडा वाढू शकतो. म्हणून धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीबहुत गुठळी दिसते, आणि कोणत्या आकड्याच्या वर संशय घ्यायचा हे त्या त्या भागाप्रमाणे ठरवावे लागते.

ही द्रव्ये रक्तात दिसू लागायला आठवडाभर तरी लागतो. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की पहिले रक्त घेतले तो तापाचा चौथा दिवस होता. चौथ्या दिवशी १:१६० दिसणे ही बहुधा जुनीच आठवण असते. दुसरे म्हणजे, खरा टायफॉइड असता तर दहा-चौदा दिवसांनी आकडा चौपट व्हायला हवा होता, म्हणजे १:६४० पर्यंत. तो जिथल्या तिथे राहिला. दुसरा रिपोर्ट टायफॉइडच्या विरुद्ध बोलत होता, आणि मी त्याचे भाषांतर "अजून आहे" असे केले! आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तापावर जे औषध दिले होते ते फ्लोरोक्विनोलोन गटातले होते. त्या गटातल्या औषधांनी क्षयाचे जंतूही काही काळ दबतात. मधला उतार त्यामुळेच असणार. आम्ही मात्र तो उतार टायफॉइडचा पुरावा धरून बसलो.

पहिल्या आठवड्यात टायफॉइडची खरी तपासणी रक्ताच्या कल्चरची, तीही अँटिबायोटिक देण्यापूर्वी घेतलेल्या रक्ताची. ती खेड्यात सगळीकडे होत नाही हे मान्य. होत नसेल तर नसेल. पण मग "टायफॉइड आहे" असेही म्हणू नये. "व्हिडाल ओ १:१६०, एच १:१६०, काचपट्टीवर, एकदाच केलेली, ताप चौथा दिवस" एवढे म्हणावे. हे बोलायला दहा सेकंद लागतात.

पॉझिटिव्ह या शब्दाचा खरा अर्थ समजायला थोडे गणित करू. कठीण नाही, धान्य निवडण्याचेच गणित आहे. समजा एक चाचणी फार चांगली आहे. शंभर आजारी असतील तर पंच्याण्णव ओळखते, आणि शंभर निरोगी असतील तर पाचांनाच चुकून आजारी म्हणते. ही चाचणी आपण एका गावातल्या हजार माणसांवर केली, जिथे खरे आजारी दहाच आहेत. दहांतले नऊ-दहा सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांतले सुमारे पन्नास जण चुकून पॉझिटिव्ह निघतील. म्हणजे साठ पॉझिटिव्ह कागदांपैकी खरे आजारी दहा, सहांत एक. आता तीच चाचणी अशा हजार जणांवर करा, ज्यांची लक्षणे पाहून डॉक्टरांना तोच आजार वाटतो आणि ज्यांत ३०० खरे आजारी आहेत. २८५ खरे सापडतील, ३५ खोटे. इथे दहातले जवळजवळ नऊ पॉझिटिव्ह खरे. चाचणी तीच, रसायन तेच, तंत्रज्ञही तोच. सुपात मुळात धान्य किती आणि खडे किती, यावर हातात काय येईल ते ठरते.

म्हणूनच "माणूस सांगा" असे त्या डॉक्टरांनी म्हटले. रोगी कोण, किती दिवस, काय होते आहे, हे न सांगता नुसता निकाल सांगणे म्हणजे सूप न दाखवता मूठ दाखवणे. ऐकणाऱ्याला ती मूठ कशातून काढली ते कळत नाही.

निगेटिव्हलाही हेच लागू आहे. काचपट्टीवर क्षयाचे जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर कितीही डोळे फोडले तरी दिसणार नाहीत. तेव्हा "क्षय नाही" असा रिपोर्ट लॅब देऊच शकत नाही. "दिसले नाहीत" एवढाच देते. पण वाटेत कुठेतरी "दिसले नाहीत" चे "नाही" होते, आणि रोगी निश्चिंत होऊन लग्नाला जातो.

कोणी म्हणेल, हे जुन्या काळचे झाले, आता नवी यंत्रे आली. आली, आणि फार चांगले झाले. ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्याच्या मोलबायो कंपनीचे आहे. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, आणि आता ते आपल्याकडच्या लहान केंद्रांतही बॅटरीवर चालते. कमी जंतू असले तरी ते पकडते, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही दाखवते. पण हे यंत्र जंतूचा अंश शोधते, आणि मेलेल्या जंतूचाही अंश काही काळ शरीरात राहतो. ज्याने दोन वर्षांपूर्वी क्षयाचा कोर्स पुरा केला आहे, त्याचा बेडका पॉझिटिव्ह निघाला तर तो नव्याने आजारी आहे की जुने अवशेष आहेत, हे यंत्राला सांगता येत नाही. ते सांगणार रोग्याची हकिगत. चिठ्ठीवर "पूर्वी औषध घेतले होते, अमुक साली" ही ओळ नसेल तर इतके महागडे यंत्रही माझ्या त्या फोनसारखेच बोलेल.

नमुना कसा घेतला हे सांगण्याचा कंटाळा फार लोक करतात, म्हणून त्यावर थोडे थांबते. दंडाला पट्टी घट्ट बांधून, रोग्याला वारंवार मूठ आवळायला लावून, बारीक सुईने ओढून काढलेल्या रक्तात पेशी फुटतात आणि पोटॅशियम वाढलेले दिसते. पोटॅशियम खरोखर तेवढे असते तर हृदय बंद पडण्याची भीती. आता रात्री दहा वाजता "पोटॅशियम ६.८" असा फोन आला तर काय करायचे? एका खेड्यातून अशा फोनवर गाडी करून म्हातारीला शहरात नेलेले मी पाहिले आहे. तिथे पुन्हा रक्त काढले, ४.३ निघाले. उलटे उदाहरणही आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याचे खरेच वाढलेले पोटॅशियम "नमुना खराब असेल" म्हणून सोडून देणे, हे तर पहिल्यापेक्षा वाईट. म्हणून आकड्याबरोबर "रक्तद्रव लालसर होते" किंवा "स्वच्छ होते" हे सांगायचे, आणि रोग्याला मूत्रपिंडाचा आजार आहे का, लघवी होते आहे का, हे विचारायचे. शंका असेल तर लगेच दुसरे रक्त घ्यायचे, आणि ते येईपर्यंत रोग्याजवळ कोणीतरी बसायचे, ईसीजीची सोय असेल तर काढायचा.

ज्या हाताला ग्लुकोजचे सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले की साखर भलतीच वाढलेली दिसते. साध्या बाटलीत रक्त दोन-तीन तास पडून राहिले की साखर उतरते, कारण बाटलीतल्या पेशी ती खात राहतात. आमच्याकडे दूरच्या गावाहून बसने येणाऱ्या बाटल्यांत हे नेहमी व्हायचे. फ्लोराइडच्या बाटल्या मिळू लागल्या तेव्हा कुठे आमच्या साखरेच्या रिपोर्टांना अर्थ आला.

मोजमापाचे एकक तर सांगायलाच हवे. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर खताची मात्रा हेक्टरी असते आणि आपला शेतकरी एकरात विचार करतो. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. ती मात्रा एकराला टाकून पीक पाडून घेतलेले लोक मला ठाऊक आहेत. २०१५ पासून घरोघर मृदा आरोग्य पत्रिका आल्या, पण हा घोळ काही सुटला नाही. दवाखान्यातही तसेच. विलायतेत मुलाकडे राहून आलेल्या एका आजींनी तिकडचा कागद दाखवला, साखर ९. आमचा नवा कंपाउंडर घाबरून साखरेचे पाणी आणायला पळाला. तिकडे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. अठराने गुणले की आपले मिलिग्रॅम होतात, म्हणजे १६२. आजी तोवर दोन शेव-लाडू खाऊन बसल्या होत्या, ही गोष्ट वेगळी.

"नॉर्मल" या रकान्याबद्दलही सांगायला हवे. बहुतेक तपासण्यांची ती मर्यादा निरोगी माणसांतले शंभरातले ९५ आत यावेत अशी आखलेली असते. म्हणजे पाच निरोगी माणसे आधीच बाहेर पडतात. एका माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या बारा तपासण्या केल्या तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. हल्ली "संपूर्ण शरीर तपासणी" म्हणून एकदम साठ-सत्तर तपासण्यांचे जे पॅकेज विकतात त्यात ठळक अक्षरे कशी नसतील? सहकाऱ्याला रिपोर्ट सांगताना फक्त ठळक तेवढे वाचून दाखवू नये. मागच्या वेळी किती होते ते सांगावे. हिमोग्लोबिन ९.५ ऐकून कोणी दचकत नाही, आपल्या बायकांत ते नेहमीचे. पण पंधरा दिवसांपूर्वी १२ होते हे कळले तर रक्त कुठे जाते आहे ते शोधायला हवे.

काही आकडे मात्र थांबायचे नसतात. १९७२ साली अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी अशा आकड्यांची कल्पना मांडली, ज्यांत रोग्याचा जीव तातडीने धोक्यात असू शकतो आणि जे कळताच लॅबने स्वतः उपचार करणाऱ्याला गाठायचे असते. आज जगभर लॅबच्या भिंतीवर ती यादी असते. कागद टेबलावर ठेवून निघून गेले म्हणजे कळवले असे होत नाही. फोन केला तर समोरच्याने आकडा उलट वाचून दाखवायचा, आणि आपण "बरोबर" म्हणायचे. मराठीत याची गरज अधिकच आहे. फोनवर "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर" ऐकून पाहा. आम्ही अंक सुटे सांगतो, पाच-नऊ, सहा-नऊ.

आमच्या दवाखान्यात आता दर गुरुवारी दुपारी तासभर बसतो. डॉक्टर, दोन सिस्टर, लॅबची मुलगी, कधी आशाताई. ज्याच्याकडे अडचणीचा रिपोर्ट आहे त्याने तो मांडायचा. आम्ही एवढेच ठरवले आहे की आधी माणूस, मग ही तपासणी कशासाठी केली ते, मग आकडा, आणि आपले मत सर्वांत शेवटी, "मला वाटते" असे म्हणून. अमेरिकेच्या नौदलातल्या पाणबुड्यांवर अशी थोडक्यात सांगायची पद्धत होती, ती पुढे तिकडच्या दवाखान्यांनी उचलली असे म्हणतात. आम्ही ती पाणबुडीवरून घेतली नाही, चुका करत शिकलो. लॅबची मुलगी परवा म्हणाली, "वय साठ, चहाच्या मळ्यावर होते, आता घरी. तीन महिने थकवा. अशक्तपणा का ते शोधायला रक्त. हिमोग्लोबिन ७.१, मागच्या वर्षी ११. पेशी लहान आणि फिकट. नमुना चांगला होता. मला वाटतं लोह कमी आहे, पण पुरुषात ते कुठून कमी झालं हे मला माहीत नाही." त्या शेवटच्या वाक्यावरच पुढची सारी चर्चा झाली. तिने "लोहाची कमतरता" एवढेच सांगितले असते तर गोळ्या लिहून आम्ही पुढच्या रोग्याकडे वळलो असतो. साठीच्या पुरुषाच्या पोटातून रक्त जात असेल, हे पाहायला पाठवायचे राहून गेले असते.

"मला माहीत नाही" म्हणायला नव्या मुलांना जड जाते. वरिष्ठांसमोर अडाणी दिसू असे वाटते. यात दोष मुलांचा कमी आणि आम्हा जुन्यांचा जास्त. कोणी "माहीत नाही" म्हटले की आम्ही भुवया उंचावत असू.

आणि हे सारे कोणासमोर बोलायचे? आपले दवाखाने म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. आत सिस्टरने कंपाउंडरला सांगितलेले बाहेर बाकावरच्या बारा माणसांना ऐकू येते. क्षय, कुष्ठरोग, गरोदरपणाची तपासणी. मुलीचे लग्न मोडायला एवढे पुरते. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे, रोग्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. पण कायदा नसला तरी अक्कल आहेच. कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणे ही आताची नवी सवय. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे टाकणाऱ्यालाही आठवत नसते. विचारायचे ते एका डॉक्टरला, नाव झाकून विचारावे. गुरुवारच्या बैठकीत आम्ही नावे घेत नाही, आणि दार लावून घेतो. उन्हाळ्यात उकडते, उकडू द्या.

लॅबच्या चिठ्ठीत आम्ही एक रकाना वाढवला आहे: "किती दिवसांपासून, काय होते". सुरुवातीला सगळ्यांनी कुरकुर केली, ओपीडीच्या गर्दीत लिहायला वेळ कुठे म्हणून. मी अजूनही आठवड्यातून दोन दिवस जाते आणि रिकाम्या रकान्याची चिठ्ठी परत पाठवते. गेल्या पावसाळ्यात एक चिठ्ठी आली, रकान्यात "ताप" एवढाच शब्द, पुढे व्हिडाल. परत पाठवली. तासाभराने तीच चिठ्ठी आली, खाली नव्या सिस्टरच्या अक्षरात लिहिले होते: ताप सहा दिवस, त्याआधी पंधरा दिवस भाताच्या लावणीत चिखलात उभा, डोळे लाल व पिवळे, पोटऱ्या फार दुखतात, लघवी कमी. डॉक्टरांनी ती वाचली, व्हिडालवर काट मारली, लेप्टोची आणि मूत्रपिंडाची तपासणी लिहिली, आणि रिपोर्टची वाट न पाहता पेनिसिलिन सुरू करून त्याला त्याच गाडीने बेळगावला धाडले.